डॉक्टरांच्या नावावर अडीचशे पेपर : ते वाचायचे कसे?

कर्करोगावर उपचार करता करता संशोधनही करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रकाशित कामाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले हे प्रश्न आहेत. जवळपास सारखी असलेली पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण बहुतेक पत्रांत घरातल्या रुग्णाची माहिती आहे.

वडिलांना जिभेचा कर्करोग असल्याचं निदान झालंय. ज्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरतंय त्यांच्या नावावर अडीचशेहून जास्त शोधनिबंध आहेत, असं नातेवाईक सांगतात. या आकड्याला किती महत्त्व द्यायचं? आणि हे पेपर आमच्यासारख्यांना बघता येतात का? (नौपाडा, ठाणे)

बघता येतात, आणि यादी उघडल्याशिवाय आकड्याला महत्त्व देऊच नये. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची मोफत आहे, मोबाइलवरही चालते. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत आधी आडनाव, मग एक जागा सोडून नावाची आद्याक्षरे टिंबांशिवाय, आणि लगेच चौकोनी कंसात ए-यू ही दोन अक्षरे टाइप करा. ए-यू म्हणजे ऑथर. हा कंस टाकला की ते नाव फक्त लेखकांच्या नावांत शोधले जाते.

इथे पहिली अडचण येते ती आपल्या नावांची. ‘कुलकर्णी एस’ टाकले की हृदयरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, रसायनशास्त्रज्ञ असे सगळे कुलकर्णी एकत्र येतात. मधले अक्षर, म्हणजे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, कधी छापलेले असते, कधी नसते, त्यामुळे एकाच माणसाचे निबंध दोन नावांखाली विभागले जातात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टर महिलांचे जुने काम तर सहज निसटते. म्हणून नावासोबत संस्थेचे किंवा शहराचे नाव जोडा आणि त्यापुढे चौकोनी कंसात ए-डी ही अक्षरे द्या. मात्र २०१३ पर्यंतच्या नोंदींत संस्थेचा पत्ता फक्त पहिल्या लेखकाचा नोंदवला जात असे. सर्व लेखकांचे पत्ते २०१४ पासून येऊ लागले. तुमचे डॉक्टर २०१० च्या एखाद्या निबंधात चौथे लेखक असतील तर संस्थेच्या नावाने शोधताना तो निबंध सापडणार नाही. अशा वेळी पत्ता काढून टाका आणि आजाराचे नाव जोडा. डॉक्टरांचा ऑर्किड क्रमांक मिळाला तर बराच त्रास वाचतो. हा १६ अंकी क्रमांक एका संशोधकाला एकच असतो. पण ऑर्किडची यादी ज्याची त्याने भरायची असते, त्यामुळे ती अर्धवट असू शकते.

यादी मिळाली की वहीत पाच रकाने आखा : साल, निबंधाचा प्रकार, कोणता कर्करोग, किती रुग्ण, आणि लेखकांत डॉक्टरांचा क्रमांक. अडीचशे नोंदींचे हे काम एका संध्याकाळचे आहे. पबमेडच्या गाळणीत ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ निवडलेत तर खऱ्या तुलनात्मक चाचण्या वेगळ्या होतात. अडीचशेंतल्या दोन-चारच उरल्या तर दचकू नका. उरलेल्यांत एकेका दुर्मिळ रुग्णाची हकीकत, जुन्या फायलींवरून केलेले आढावे, संपादकांना लिहिलेली पत्रे, मार्गदर्शक सूचना आणि इतरांच्या कामाचे परामर्श असतात. यातले काहीच टाकाऊ नाही, पण एका पानाचे पत्र आणि दहा वर्षे चाललेली चाचणी या यादीत प्रत्येकी एकच नोंद म्हणून दिसतात.

तुमच्या वडिलांच्याच आजारातले उदाहरण घ्या. तोंडाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. तरी मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की त्या वाढल्या तरच पुढे काढाव्यात? यावर जगभर अनेक वर्षे वाद होता. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डीक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट पाडून हा प्रश्न तपासला. निष्कर्ष २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला : ५०० रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण आधीच ग्रंथी काढलेल्या गटात ८० टक्के, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे साधारण आठ जणांच्या ग्रंथी आधी काढल्या तर एकाचा जीव वाचतो. असा एक निबंध यादीत असेल तर तो दहा आढाव्यांहून वजनदार धरा.

डॉक्टर निवडताना मात्र यादीतून एकच गोष्ट शोधा : गेल्या पाच-सात वर्षांत त्यांचे काम वडिलांच्याच आजारावर आहे का? स्तनाच्या कर्करोगावर दोनशे पेपर लिहिलेल्या सर्जनपेक्षा, आठवड्याला जिभेच्या अनेक शस्त्रक्रिया करणारा आणि कमी लिहिणारा सर्जन वडिलांसाठी बरा. हात किती चालतो हे पबमेड सांगत नाही. ते ओपीडीत थेट विचारावे लागते, आणि विचारण्यात काही गैर नाही.

एका निबंधावर तीस-तीस नावं असतात. नेमकं काम कोणाचं असतं? (ऐरोली)

क्लिनिकल संशोधनात साधारण प्रघात असा : पहिले नाव ज्याने प्रत्यक्ष राबून काम केले आणि मसुदा लिहिला त्याचे, शेवटचे नाव ज्याच्या मार्गदर्शनाखाली ते झाले त्याचे. पत्रव्यवहारासाठी ज्याचा ईमेल दिलेला असतो तो निबंधाबद्दल उत्तर द्यायला बांधील असतो. मधली नावे शस्त्रक्रिया, रेडिएशन, पॅथॉलॉजी, संख्याशास्त्र वगैरे बाजू सांभाळणाऱ्यांची. संख्याशास्त्रज्ञाचे नाव आहे का, हे जरूर पाहा. मोठ्या चाचणीत ते नसेल तर आकडेमोड कोणी केली, असा प्रश्न पडायलाच हवा.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याच्या चार अटी घातल्या आहेत, आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात : अभ्यासाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात ठोस वाटा, मसुदा लिहिणे किंवा तो गांभीर्याने तपासणे, अंतिम मजकुराला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. नुसता विभागप्रमुख असणे, निधी मिळवून देणे किंवा रुग्ण पाठवणे यात बसत नाही. तरीही प्रमुखांचे नाव घालण्याची सवय सगळीकडे आहे, आणि ती वाईट आहे. निबंधाच्या शेवटी ‘ऑथर कॉन्ट्रिब्यूशन्स’ अशा मथळ्याखाली कोणी काय केले ते आद्याक्षरांनी दिलेले असते. तो परिच्छेद आधी वाचा.

उलट बाजूही आहे. मोठ्या बहुकेंद्री चाचण्यांत ज्यांनी आपापल्या रुग्णालयातून रुग्ण सामील केले त्या डॉक्टरांची नावे कधी कधी लेखकांत नसतात, ‘कोलॅबोरेटर्स’ म्हणून वेगळ्या यादीत असतात. पबमेडवर ती लेखकांच्या खाली दिसतात. शोधताना चौकोनी कंसात आय-आर ही अक्षरे टाकलीत तर तशा नोंदीही सापडतात.

डॉक्टरांच्या माहितीपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’, ‘ग्लोबल कोलॅबोरेशन’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे नेमकं काय? आणि असं सहकार्य ठरतं कसं? (खारघर, सेक्टर १२)

तुमच्या घरापासून जवळच, सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक आहे, तेव्हा हा प्रश्न खारघरहून यावा हे साहजिक आहे. ‘सहकार्य’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी खपतात.

पहिला प्रकार औषध कंपनीच्या जागतिक चाचणीचा. चाचणीचा आराखडा परदेशात ठरलेला असतो, विश्लेषणही तिकडेच होते. इथले डॉक्टर त्यांच्या केंद्राचे प्रमुख संशोधक असतात : पात्र रुग्ण निवडायचे, ठरल्याप्रमाणे उपचार द्यायचे, नोंदी अचूक ठेवायच्या. काम जबाबदारीचे आहे, पण मूळ प्रश्न त्यांचा नसतो.

दुसरा प्रकार समान प्रश्न असलेल्या केंद्रांच्या गटाचा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एमआरआय पाहून आतून रेडिएशन देण्याच्या पद्धतीवर युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांनी मिळून एम्ब्रेस हा अभ्यास केला. टाटा मेमोरियल त्यातले एक केंद्र. हा आजार आपल्याकडे मोठ्या संख्येने दिसतो, म्हणून इथला अनुभव अशा गटात फार मोलाचा ठरतो.

तिसरा प्रकार प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्यातला, आणि त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत विकसित झालेली कार-टी पेशींची (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारी) उपचारपद्धती टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासली. पहिला रुग्ण जून २०२१ मध्ये अ‍ॅक्ट्रेकमध्ये होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत आले. पवई आणि खारघर यांच्यामधले हे सहकार्य आम्हाला कित्येक परदेशी करारांपेक्षा मोठे वाटते.

चौथा प्रकार देशातल्या जाळ्याचा. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली कर्करोग केंद्रे आहेत आणि त्यांच्यात एकत्रित चाचण्याही होतात.

डॉक्टरांचा वाटा यातला कोणता, हे ओळखायला भारताची चाचणी-नोंदवही, सीटीआरआय, उघडा. तिथे प्रत्येक चाचणीपुढे मुख्य प्रायोजक कोण, पैसा कोणाचा, केंद्रे कोणती, एकूण किती रुग्ण आणि त्यातले भारतातले किती, हे दिलेले असते. एकूण ९०० आणि भारतातले ३० असतील तर पहिला प्रकार समजा.

आता ठरते कसे. आधी एका पानाची संकल्पना, मग आराखडा, मग संख्याशास्त्रज्ञाकडून रुग्णसंख्येचे गणित. त्यानंतर प्रत्येक केंद्राच्या नैतिकता समितीची मान्यता, परदेशी संस्थेचे सहकार्य किंवा निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मान्यता, संस्थांमधला करार, रक्ताचे वा गाठीचे नमुने बाहेर जाणार असतील तर नमुने हस्तांतराचा वेगळा करार, रुग्णांच्या विम्याची तरतूद आणि सीटीआरआयवर नोंद. पहिल्या रुग्णाच्या आधी हे सगळे हातात हवे. अनेक चांगले अभ्यास कराराच्या मसुद्यावरच अडतात, आणि वाद बहुधा दोनच कलमांवर असतो : माहितीची मालकी कोणाची आणि पहिले-शेवटचे नाव कोणाचे. म्हणून लेखकांचा क्रम ठरवण्याची पद्धत पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावी. निकाल हाती आल्यावर हा विषय काढला की मने दुखावतात आणि पुढचा अभ्यास होत नाही.

प्रत्यक्ष कामात घोटाळे होतात ते साध्या जागी. एक केंद्र तारीख दिवस-महिना अशी लिहिते, दुसरे महिना-दिवस अशी, आणि ०३/०४ चे काय करायचे ते कोणालाच कळत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या कडेपासून कर्करोग किती दूर होता, हे एक पॅथॉलॉजिस्ट मिलिमीटरमध्ये देतो, दुसरा नुसते ‘कडा मोकळ्या’ लिहितो. रेडिएशनचे क्षेत्र प्रत्येक डॉक्टर थोडे वेगळे आखतो, म्हणून चांगल्या गटात चाचणीआधी सगळ्यांना एकाच रुग्णाचे सीटी स्कॅन देऊन आखणी करायला लावतात आणि फरक दाखवून देतात.

सर्वांत घातक चूक दिसत नाही. आराखड्यात दर आठ आठवड्यांनी स्कॅन असते. रुग्ण भातकापणीसाठी गावी जातो आणि अकराव्या आठवड्यात येतो. आजार नवव्या आठवड्यात वाढला असला तरी नोंद अकराव्याची होते. एका गटातल्या रुग्णांना जास्त त्रास होत असेल आणि तेच वारंवार उशिरा येत असतील, तर त्या गटात आजार उशिरा वाढतो असा भास तयार होतो. त्यासाठी स्कॅनची तारीख चुकली की दोन दिवसांत फोन करणारा समन्वयक लागतो, आणि चाचणीत सामील करताना रुग्णाचे स्वतःचे, घरातल्या कोणाचे आणि शेजाऱ्याचे किंवा गावातल्या दुकानदाराचे असे तीन नंबर घ्यावे लागतात. परराज्यातून आलेल्या रुग्णाचे सिमकार्ड वर्षभरात बदललेले असण्याची शक्यता मोठी असते. पाच वर्षांनी कोण हयात आहे हे कळले नाही तर सगळ्या अभ्यासावर पाणी पडते.

एच-इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर समजावून सांगाल का? (कोपरखैरणे)

समजा, एकाचे पाच निबंध इतरांनी अनुक्रमे ५०, २०, ९, ४ आणि ३ वेळा उद्धृत केले आहेत. किमान चार वेळा उद्धृत झालेले चार निबंध आहेत, किमान पाच वेळा झालेले पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. वयाबरोबर तो आपोआप वाढतो, आणि शेकडो लेखकांच्या जागतिक अहवालांत मधले नाव असले तरी तो फुगतो. इम्पॅक्ट फॅक्टर ही नियतकालिकातले निबंध किती वेळा उद्धृत होतात याची सरासरी आहे, त्यात छापलेल्या एकेका निबंधाची गुणवत्ता नव्हे. रुग्णाच्या निर्णयात दोन्हींचा उपयोग जवळजवळ नाही.

आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी एका ट्रायलमध्ये सामील होण्याबद्दल विचारलंय. शेजारी म्हणतात, ‘प्रयोग करतील’. काय बघून हो किंवा नाही म्हणायचं? (कळवा)

शेजाऱ्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण ‘ट्रायल’ म्हणजे प्रत्येक वेळी न तपासलेले औषध नसते. तिसऱ्या टप्प्यातल्या अनेक चाचण्या आधीच वापरात असलेल्या दोन पद्धतींची तुलना करतात. आईच्याच आजारातली पार्सर ही चाचणी पाहा. तिचे नेतृत्व खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधून झाले. शस्त्रक्रियेनंतर ज्या ३०० महिलांना रेडिएशनची, बोलीत शेकाची, गरज होती त्यांचे दोन गट केले : एकाला नेहमीच्या पद्धतीने शेक, दुसऱ्याला रोज प्रतिमा पाहून आतडे शक्य तितके वाचवणाऱ्या पद्धतीने. तीन वर्षांनी आतड्यांचा मध्यम ते तीव्र त्रास नेहमीच्या गटात ४२.४ टक्के, नव्या पद्धतीच्या गटात २१.१ टक्के होता. २०२१ साली जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत हे प्रसिद्ध झाले. कोणत्याही गटातली बाई उपचाराविना नव्हती.

तेव्हा डॉक्टरांना आधी हे विचारा : चाचणीबाहेर राहिलो तर आईला कोणता उपचार मिळेल? चाचणीतला एक गट त्याच उपचाराचा आहे का? टप्पा पहिला, दुसरा की तिसरा? पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता आणि मात्रा तपासतात, फायद्याची खात्री नसते. जादा तपासण्या, जादा फेऱ्या किती आणि त्यांचा खर्च कोणाचा? कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरने खारघर आणि पुढे रिक्षा, हे दर आठवड्याला आईला झेपेल का, याचाही हिशेब करा. प्रवासभाडे मिळते का तेही विचारा.

मग सीटीआरआय क्रमांक मागा. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करणे बंधनकारक आहे. नोंदीत दोन तारखा तपासा, नोंदणीची आणि पहिल्या रुग्णाची. नोंदणी आधीची हवी. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणा, दोन दिवस घ्या. सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी, तो तुमचा हक्क आहे. त्यात नैतिकता समितीचा संपर्क आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा, आणि बाहेर पडल्याने नेहमीच्या उपचारावर परिणाम होणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. नव्या औषधांसाठीच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यातले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. चाचणीत गंभीर दुष्परिणाम झाला तर संशोधकाने तो २४ तासांच्या आत कळवायचा असतो. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. म्हणून रात्री ताप आला, रक्तस्राव झाला, तर दुसऱ्या दवाखान्यात नेले तरी चाचणीच्या समन्वयकाला त्याच रात्री कळवा आणि सगळी कागदपत्रे जपून ठेवा. पुढे भरपाईचा प्रश्न आला तर ‘आम्हाला कळवलेच नाही’ हे उत्तर ऐकायची वेळ येऊ नये.

वर्तमानपत्रात ‘मृत्यूचा धोका तीस टक्क्यांनी घटला’ अशा बातम्या येतात. मूळ निबंधात नेमकं काय शोधायचं? (पनवेल)

टक्का कशाचा, तो शोधा. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा स्तनाच्या कर्करोगावरचा निबंध घ्या. अकरा केंद्रांतल्या १,५८३ महिलांचा अभ्यास. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती भूल देण्याचे साधे औषध, लिडोकेन, टोचले आणि दुसऱ्या गटात टोचले नाही. मृत्यूचा सापेक्ष धोका, म्हणजे दुसऱ्या गटाच्या तुलनेत मोजलेला, २९ टक्क्यांनी घटला, हे खरेच. पण पाच वर्षांनी हयात असणाऱ्या महिला ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के झाल्या, म्हणजे शंभरात जवळपास चार जास्त. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. चार हा आकडा लहान वाटेल, पण इतक्या स्वस्त औषधासाठी तो फार मोठा आहे. बातमी २९ सांगते. निर्णयासाठी चार पाहावे.

दुसरे, अभ्यास कोणावर झाला? या चाचणीत थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या महिला होत्या. आधी केमो घेतलेल्या महिलेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. तिसरे, बातमी परिषदेतल्या भाषणाची की छापलेल्या निबंधाची? हाच अभ्यास सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला गेला आणि तज्ज्ञांच्या छाननीनंतर २०२३ मध्ये छापून आला. परिषदेतला सारांश अर्ध्या पानाचा असतो, त्यातून बारकावे कळत नाहीत.

चौथे, तुलना कशाशी? डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घेण्याच्या कमी मात्रेच्या केमोसोबत दिले, तेव्हा वर्षभर हयात राहणारे १६.३ वरून ४३.४ टक्के झाले. १५१ रुग्णांचा हा टाटा मेमोरियलचा अभ्यास फार महत्त्वाचा आहे. पण तुलना होती नुसत्या केमोशी. पूर्ण मात्रेच्या निव्होलुमॅबशी ती झालेली नाही, म्हणून ‘कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली’ असे त्यावरून म्हणता येत नाही.

आणि ‘काही फरक पडला नाही’ असे सांगणारे निबंध वगळू नका. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते का, हे ३५० महिलांवर तपासून टाटा मेमोरियलने २०१५ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत सांगितले : वाढत नाही. त्या निबंधामुळे किती जणींची अनावश्यक शस्त्रक्रिया टळली असेल! ज्या संशोधकाच्या यादीत असे नकारार्थी निष्कर्षही आहेत त्याच्यावर आमचा विश्वास जास्त बसतो.

पूर्ण निबंध वाचायला पैसे मागतात. (मानपाडा, ठाणे)

पबमेडच्या नोंदीवर ‘फ्री पीएमसी आर्टिकल’ असे असेल तर पूर्ण मजकूर मोफत आहे. नसेल तर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या ईमेलवर दोन ओळींची इंग्रजी विनंती करा. बहुतेक लेखक पीडीएफ आनंदाने पाठवतात. घरात कोणी सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असेल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली २०२५ पासून अनेक नियतकालिके तिथे उघडता येतात.

पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं असतात म्हणे. ती कशी ओळखायची? (वाशी)

छापण्यासाठी शुल्क घेणे हा एकटा दोष नाही. नावाजलेली खुली नियतकालिकेही ते घेतात. संशय घ्यावा तो आठवडाभरात स्वीकृतीची हमी, कर्करोगापासून शेतीपर्यंत सगळे विषय एकाच अंकात, आणि संपादकांचा पत्ता नाही, अशा ठिकाणी. नियतकालिक मेडलाइनच्या, म्हणजे त्याच अमेरिकी ग्रंथालयाने पारखून निवडलेल्या नियतकालिकांच्या, सूचीत आहे का ते पाहा. नुसते पबमेडवर दिसणे पुरेसे नाही, कारण तिथे इतर मार्गांनीही निबंध येतात. मागे घेतलेल्या निबंधाच्या माथ्यावर पबमेड ठळक पट्टी दाखवते. जुना छापील कागद हातात असेल तर तो निबंध पुन्हा शोधून ही पट्टी आली आहे का ते बघा.

मुलगी एम.एस्सी. बायोटेक करतेय. तिला कर्करोगाच्या क्लिनिकल संशोधनात शिरायचं आहे. सुरुवात कुठून करावी? (नेरूळ)

दोन वाटा आहेत. प्रयोगशाळेची वाट : अ‍ॅक्ट्रेकमध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पीएच.डी. होते, त्यासाठी प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत असते. त्याआधी प्रबंधासाठी काही महिन्यांचे प्रशिक्षण मिळते का, ते संस्थेच्या शिक्षण विभागात विचारावे. अर्ज महाविद्यालयामार्फत, मुदतीच्या पुष्कळ आधी.

रुग्णालयाची वाट चाचणी-समन्वयकाच्या नोकरीतून जाते. त्यासाठी गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे, म्हणजे चाचण्या नीट चालवण्याच्या नियमांचे, प्रमाणपत्र, एक्सेल नीट येणे आणि रुग्णाशी मराठी-हिंदीत न घाबरवता बोलता येणे, हे तीन लागतात. पहिले सहा महिने मूळ केसपेपर आणि संगणकातली नोंद ताडून पाहण्यात जातात. चूक खोडायची ती एका रेघेने, जुना आकडा वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख घालून. पांढरी शाई चालत नाही, कारण आधी काय लिहिले होते हे तपासनिसाला दिसायलाच हवे. निबंधात नाव हवे असेल तर तिने नोंदींवरच थांबू नये. एखादा छोटा प्रश्न स्वतः काढावा, उदाहरणार्थ आपल्या केंद्रात किती रुग्ण दुसऱ्या भेटीनंतर परतलेच नाहीत आणि का, आणि नैतिकता समितीच्या परवानगीने त्यावर काम करू द्यावे असे मार्गदर्शकांना लेखी विचारावे.